जोडीदारानं फसवलं तर आधी काय सांभाळायचं? गोव्यातल्या माणसांसाठी सोप्या भाषेत

लग्नात फसवणूक झाली हे उघडं पडलं की सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, ठेवणार की सोडणार. आई विचारते, नणंद विचारते, ऑफिसातली मैत्रीण विचारते, आणि जिच्यावर हे आलंय ती स्वतः रात्री दोन वाजता फॅनकडे बघत तेच विचारत असते (पुरुषांच्याही वाट्याला येतं हे, त्यांना तर बोलायलाही कुणी नसतं). माझं ठाम मत आहे की हा प्रश्न पहिला नाहीच, चौथा-पाचवा आहे. त्याच्या आधी झोप, तब्येत, पैसा आणि काम येतं, आणि हे थोडंफार जाग्यावर आल्याशिवाय घेतलेला निर्णय बहुतेक वेळा घाबरून घेतलेला असतो, मग तो "राहते" असो नाहीतर "जाते" असो.

मी फोंड्याकडे एका पतसंस्थेत काउंटरवर बसते, त्यामुळे लोकांचे संसार मला पासबुकातून दिसतात. बाई येते, जॉइंट खात्याचं पासबुक प्रिंट करून घेते, बाजूला जाऊन उभ्या-उभ्या वाचते, बोट एकेका ओळीवरून खाली सरकवत, आणि मग परत खिडकीशी येऊन हळू आवाजात विचारते, "ह्या खात्यांतले पयशे तो एकटोच काडूंक शकता?" घरात काय झालंय हे तिनं सांगावं लागत नाही. म्हणून हा लेख, कारण मनाबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात आणि कागदाबद्दल बोलणारे वकील भेटतात, पण दोन्ही एकमेकांत किती गुंतलेलं असतं ते कुणी नीट सांगत नाही.

आधी मनाचं. फसवणूक कळल्यावर माणूस जे वागतो, सारखा मोबाईल तपासणं, तेच चित्र डोळ्यासमोर येणं, जेवण न जाणं, मधेच हसणं मधेच रडणं, एका तासात "जीव घेईन" आणि पुढच्या तासात "सोडून जाऊ नको", हे वेडेपण नाही. हेलन फिशर या संशोधक बाईंनी २०१० मध्ये एक अभ्यास छापला होता, नुकतंच ज्यांना जोडीदारानं सोडलं होतं पण ज्यांचं प्रेम संपलं नव्हतं अशा १५ जणांना त्या माणसाचा फोटो दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा व्यसनात जी तलफ येते तिच्याशी संबंध असलेले मेंदूचे भाग चालू झालेले दिसले. म्हणजे ज्यानं दुखवलं त्याचीच ओढ लागते यात तुमचा स्वाभिमान कमी पडत नाही, मेंदू तसा चालतो. तो भर ओसरायला वेळ लागतो, आणि त्या भरात मोठ्या कागदावर सही करायची नाही एवढं तरी पाळायचं.

याहून महत्त्वाची गोष्ट जेनिफर फ्रेड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ज्याच्यावर आपण जगायला अवलंबून असतो त्यानंच दगा दिला तर मन कधीकधी तो दगा बघायचंच टाळतं, कारण बघितलं तर काहीतरी करावं लागेल, आणि करायला पाय ठेवायला जागाच नसते. किती बायका म्हणतात बघा, "कळत होतं गं, पण मी बघितलंच नाही." लोक याला भोळेपणा म्हणतात, काही तर बावळटपणा म्हणतात, आणि मला त्याचा फार राग येतो. घर त्याच्या नावावर, खातं तो चालवतो, मुलांची फी तो भरतो, अशा वेळी न बघणं हाच त्या मनानं शोधलेला जगायचा रस्ता असतो. आता हे उलट करून वाचा. हातात स्वतःचे चार पैसे आले, सकाळी जायला स्वतःचं काम असलं की तेच मन नीट बघायला लागतं, नवरा खरंच बदललाय की नुसता घाबरलाय, आपल्याला तो हवाय की नुसतं छप्पर हवंय. करिअरचा आणि प्रेमाचा संबंध आहे तो हा, एक मोडलं म्हणून दुसऱ्यात मन रमवा असला नाही.

खाजन शेतीचा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं तर कुणी लगेच भात पेरत नाही, आधी बांध धरतात, मग पावसानं मीठ धुऊन जाऊ देतात. तसंच आहे हे.

आता बांध म्हणजे काय काय, तर पहिल्यांदा शरीर. आणि इथे सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट आधी सांगते. जोडीदाराचे दुसरीकडे शारीरिक संबंध होते असं कळलं तर तुमची स्वतःची तपासणी करून घ्या, एचआयव्ही, सिफिलिस, हेपेटायटिस बी, आणि डॉक्टर सांगतील ती बाकीची. बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात), म्हापशाला आणि मडगावला जिल्हा हॉस्पिटलात (आपण अजून आसिलो आणि ओस्पिसियोच म्हणतो) एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन फुकट होतं आणि गुप्त ठेवलं जातं. एकदा करून भागत नाही, कारण लागण झाल्यावर तपासणीत दिसायला काही आठवडे जातात, तेव्हा परत कधी यायचं ते तिथेच विचारून घ्या. लाज वाटायचं कारण नाही, चूक दुसऱ्याची आहे. पोटात मूल असेल किंवा राहायची शक्यता असेल तर अजिबात थांबू नका.

झोप तीन-चार रात्री आलीच नाही, खाणं बंद झालं, किंवा जगायचं नको असा विचार यायला लागला तर तो डॉक्टरचा विषय आहे, देवाला कौल लावायचा नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार हॉस्पिटल आहे. आणि इथे गोव्याची एक अभिमानाची गोष्ट सांगायलाच हवी. संगाथ ही संस्था १९९६ मध्ये गोव्यातच सुरू झाली, त्यांनी आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ लोकांवर. मोठे डॉक्टर नाहीत, आपल्यातलीच साधी माणसं शिकवून तयार केली, आणि ती ६ ते ८ वेळा भेटून बोलायची. उपचार काय तर मुख्यतः हे, मन बरं वाटेल तेव्हा काम करीन असं थांबायचं नाही, छोटं ठरलेलं काम आधी करायचं, मन मागून येतं. तीन महिन्यांनी ही मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा त्रास ओसरला होता, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलाय हा अभ्यास. म्हणजे "सकाळी उठून केस विंचर, कुळागरात (घरच्या बागायतीत) एक फेरी मार, बाजारात जाऊन ये" असं आजी सांगायची त्यात तथ्य होतं, फक्त ते रोज, ठरवून, लिहून करायचं.

आता पैसा आणि कायदा, आणि इथे गोवा बाकीच्या देशाहून वेगळा आहे, तरी कितीतरी शिकलेल्या बायकांनाही हे धड माहीत नसतं. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चे लग्न-घटस्फोटाचे कायदे, यातला मोठा भाग इथे अजून लागू आहे. लग्न रजिस्टर करताना दोन सह्या होतात ना, लग्न होण्याआधी मालमत्तेचा वेगळा करार केलेला नसेल तर दोघांची मालमत्ता एक होते, तुम्ही माहेरून आणलेलं, त्याचं वडिलोपार्जित, नंतर कमावलेलं, सगळं (काही अपवाद सोडून) अर्धं-अर्धं. फॉर्म एक-चौदावर (जमिनीच्या उताऱ्यावर) फक्त त्याचं नाव दिसतं म्हणून तुमचा अर्धा वाटा जात नाही. आणि घर-जमीन विकायची झाली तर बायकोची संमती लागते. ही तुमच्या हातातली खरी ताकद आहे, आणि म्हणूनच नेमक्या याच दिवसांत कुणीतरी कागद पुढे करतं, "हांगा सही कर, लोनाक जाय" (इथे सही कर, लोनला हवीय), पॉवर ऑफ ॲटर्नी असते, गिफ्ट डीड असते, एनओसी असते. वाचल्याशिवाय आणि स्वतःच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. त्याचा वकील तो तुमचा वकील नव्हे, तो कितीही गोड बोलू दे.

टॅक्सची एक गंमतशीर वाटणारी पण फार उपयोगी गोष्ट. या अर्ध्या-अर्ध्या मालमत्तेमुळे इन्कम टॅक्समध्येही गोव्याच्या जोडप्यांसाठी वेगळी सोय आहे, १९६१ च्या कायद्यात ते कलम ५ए, पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंदा, नवरा-बायकोत निम्मं वाटून दाखवायचं. म्हणजे घराच्या भाड्याचं निम्मं उत्पन्न तुमच्या पॅनवर दाखवलेलं असू शकतं आणि तुम्हाला पत्ताही नसेल. स्वतःचं पॅन घेऊन टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करा, जुने रिटर्न उतरवून घ्या. काय काय आहे याची यादी कुठून करायची असं विचारतात, मी सांगते इथून सुरू करा, त्याचा मोबाईल उघडण्यापेक्षा हे कितीतरी सरळ आहे.

जॉइंट खात्याचं वर लिहिलं, त्याचं उत्तर असं. खातं 'आयदर ऑर सर्व्हायवर' असेल तर दोघांपैकी कुणीही एकटा सगळे पैसे काढू शकतो. 'जॉइंटली' असेल तर दोघांच्या सह्या लागतात. बँकेत जाऊन आधी हे विचारा, आणि फक्त स्वतःच्या नावाचं एक खातं ठेवा. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे दीड हजार ज्यांना येतात त्यांचं तसं खातं असतंच, फक्त त्याचं एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे ते बघा.

घटस्फोटाचं थोडक्यात सांगते. व्यभिचार हे १९१० च्या कायद्यात नवरा आणि बायको दोघांच्याही बाबतीत घटस्फोटाचं कारण आहे, आणि परस्पर संमतीनंही घटस्फोट होतो, पण मालमत्तेची वाटणी त्यातून आपोआप होत नाही, तिच्यासाठी वेगळी इन्व्हेंटरी (वाटणीची कोर्टातली केस) घालावी लागते आणि तिला वेळ लागतो. पोलीस चौकीत जाऊन "नवऱ्याचं लफडं आहे, केस घ्या" म्हटलं तर होणार नाही, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं व्यभिचाराचं ४९७ कलम रद्द केलंय. पण मारहाण, घराबाहेर काढणं, पैसे अडवून ठेवणं हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बसतं आणि त्या कायद्यानं राहत्या घरात राहायचा हक्क मिळतो. १८१ वर फोन केला तर मदत मिळते. लग्न सावंतवाडीला झालं, नोंद गोव्यात नाही, एकजण बाहेरचा, अशी भानगड असेल तर कुठला कायदा लागू होतो इथपासूनच बदलतं, तेव्हा ऐकीव माहितीवर जाऊ नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

आता काम. नोकरी असेल तर पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत राजीनामा देऊ नका, कितीही वाटलं तरी. ऑफिसात सगळ्यांना सांगू नका, कुणालाच न सांगणंही बरं नाही, एका भरवशाच्या माणसाला आणि गरज पडली तर साहेबाला एवढंच, "घरी अडचण आहे, थोडे दिवस माझं काम दुसऱ्या कुणी तपासून बघा." या दिवसांत आकड्यांच्या चुका होतात, तारखा विसरतात, लक्ष लागत नाही, कारण डोक्याचा मोठा भाग तिकडे अडकलेला असतो. म्हणून अवघड काम सकाळी, एका वेळी एकच, आणि मोबाईल ड्रॉवरमध्ये.

लिहून काढण्याचा फायदा होतो यावर अभ्यास झालाय. जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९४ मध्ये नोकरी गेलेल्या ६३ व्यावसायिकांना घेतलं, त्यातल्या काहींना नोकरी गेल्याबद्दल जे वाटतं ते मोकळेपणानं काही दिवस लिहायला लावलं. त्या लोकांना बाकीच्यांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. त्यांनी अर्ज जास्त केले होते असं नाही. बहुधा राग कागदावर उतरल्यामुळे तो इंटरव्ह्यूत बाहेर आला नाही. फसवणुकीचं दुःख आणि नोकरीचं दुःख एक नव्हे, पण लिहायला वहीशिवाय काही लागत नाही, आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर लिहिण्यापेक्षा वहीत लिहिणं शंभर पटीनं बरं. त्याचे चॅट, फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका, केस तुमच्यावरच उलटू शकते.

ज्यांनी दहा-बारा वर्षं नोकरीच केली नाही त्यांचं काय? मला वाटतं इथे आपण बायका उगाच मोठी उडी ठरवतो आणि मग उडीच मारत नाही. गोव्यात सरकारी नोकरीची वयाची अट साधारण ४५ वर्षांपर्यंत असते, जाहिरातीत कोकणी येणं आवश्यक आणि मराठी येत असेल तर बरं असं असतं, तेव्हा पस्तिशी-चाळिशीत "आता काय उरलंय" म्हणायचं कारण नाही. रहिवासी दाखला आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आधी काढून ठेवा, जाहिरात आल्यावर धावाधाव होते. पण त्याची वाट बघत बसू नका. वेर्णा, कुंडई, बेतोडा इथल्या कंपन्यांत पॅकिंगपासून क्वालिटी कंट्रोलपर्यंत कामं असतात, हॉटेलं सीझनच्या आधी माणसं शोधत असतात, टॅली येत असेल तर फोंड्या-म्हापशातल्या सीएकडे जुलैच्या रिटर्नच्या गर्दीत हमखास माणूस लागतो. चवथीला नेवऱ्या-करंज्यांच्या ऑर्डर घेऊन सुरुवात करणाऱ्या पुष्कळ आहेत, त्यातही माझं सांगणं एकच, पैसे तुमच्या खात्यात येऊ देत.

कारण धंदा दोघांचा असला की नेमकं इथेच अडकतं. समजा घराच्या दोन खोल्या टुरिस्टना देता. झाडणं-पुसणं, चादरी, सकाळची भाजी-पाव, पाहुण्यांशी बोलणं सगळं ती करते, आणि काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड त्याच्या खात्याचा असतो. टुरिस्ट ट्रेडच्या १९८२ च्या कायद्याखालची नोंदणी त्याच्या नावावर, बुकिंगच्या ॲपचा पासवर्ड त्याच्याकडे, रिव्ह्यूत मात्र तिचं नाव, "लवली होस्ट." भांडण झाल्यावर ती म्हणते माझ्याकडे काहीच अनुभव नाही. अगं, हाऊसकीपिंग, फ्रंट ऑफिस, खरेदी, हिशोब, इतकी वर्षं हेच केलंस. ते बायोडेटात लिही, आणि नातं टिकलं तरी त्या क्यूआरच्या मागचं खातं दोघांचं करून घे.

आता येतो तो प्रश्न, ठेवायचं की सोडायचं. राहायचं ठरवलं तर भरवसा नुसत्या शपथेनं परत येत नाही, मंगेशीला नेऊन नारळावर हात ठेवायला लावलं तरी नाही. तो येतो ज्या गोष्टी पडताळून बघता येतात त्यांतून. तिसऱ्या माणसाशी संबंध पूर्ण बंद, एकाच ऑफिसात असतील तर बदली किंवा नोकरी बदल, आणि हा त्रास ज्यानं फसवलं त्यानं घ्यायचा, तुम्ही नव्हे. खरं काय ते एकदाच आणि पूर्ण सांगायचं. आज थोडं, पंधरा दिवसांनी आणखी थोडं, असं तुकड्या-तुकड्यानं बाहेर आलं की प्रत्येक वेळी जखम पहिल्यापासून होते, आणि माझ्या बघण्यात अफेअरपेक्षा याच गोष्टीनं जास्त घरं फुटलीत. तुमच्या बाजूनं, प्रश्न विचारा, पण कधीपासून, पैसे किती गेले, आजाराचा धोका आहे का, अजून कुणाला माहीत होतं असले. ती दिसायला कशी, काय बोलायची, कुठल्या हॉटेलात, यांची उत्तरं मिळाली की डोक्यात नवीन चित्रं तयार होतात, हाताला काही लागत नाही. आणि रात्रभर उलटतपासणी नको, संध्याकाळी अर्धा तास ठरवा, बाकीच्या वेळी जेवण, मुलांचा अभ्यास.

तो बोटीवर किंवा गल्फात असेल तर हे सगळं व्हिडिओ कॉलवर होत नाही. सुट्टीवर आल्यावर समोर बसून होतं, तोपर्यंत वाट बघितलेली बरी. हात उचलला जात असेल तर एकत्र समुपदेशनाचा आग्रह कुणीही करो, आधी सुरक्षित जागा.

माफ करणं आणि परत एकत्र राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माफ करून वेगळं होता येतं, आणि अजून माफ न करताही काही काळ एकाच घरात राहता येतं. वडीलधारे म्हणतील "घरची गजाल घरांतच उरूं दी, संवसार आसा." त्यांचा हेतू वाईट नसतो. पण किती दिवसांत विसरायचं हे त्यांनी ठरवायचं नाही, फसवणाऱ्यानं तर नाहीच नाही. वर्ष-दोन वर्षं जातात, मधेच चवथीला सगळे एकत्र जमल्यावर, गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधताना, सगळं परत उसळून येतं, तो रिव्हर्स गिअर नव्हे. पाहुण्यांसाठी एक वाक्य ठरवून ठेवा, "आम्ही बघतोय आमचं," एवढंच, आणि दोघांनी तेच सांगायचं. मुलांना खोटं सांगू नका आणि तपशीलही देऊ नका, आई-बाबांचं भांडण आहे, तुझ्यामुळे नाही, तुझी शाळा आणि तुझी खोली आहे तशीच राहील.

आणि वेगळं झाल्यावर नवीन कुणी आयुष्यात आलं तर? येऊ द्या की, वाडा काय म्हणेल ते म्हणू दे. फक्त माणूस छोट्या गोष्टीत कसा वागतो ते बघा, वेळ पाळतो का, हिशोब उघडा ठेवतो का, "नाही" म्हटलेलं ऐकतो का. आधीच्या लग्नाचा डिक्री झाला तरी सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नाच्या नोंदीवर त्याचा शेरा पडला का ते स्वतः जाऊन तपासा, कारण तो नसेल तर पुढची सही होत नाही, आणि इन्व्हेंटरी अर्धवट ठेवून नवीन लग्नात शिरू नका. मालमत्ता वेगळी ठेवायची असेल तर तो करार नोटरी डीडनं लग्नाच्या आधीच होतो, एकदा लग्न झाल्यावर बदलता येत नाही. ज्याच्याशी हा विषय सरळ काढता येतो, आणि जो ऐकून चिडत नाही, त्याला घेऊन वकिलाकडे जा, पहिल्या सहीच्या निदान महिनाभर आधी.